साताऱ्याची गादी, प्रिटोरियाची खुर्ची

मांजरीच्या शिवारात उसाची जात विचारली की उत्तर आकड्यात येतं. 'शहाऐंशी शून्य बत्तीस' म्हणतील, नाहीतर 'दोनशे पासष्ट'. कागदावर या आकड्यांच्या आधी 'को' असतं, बोलताना ते गळून जातं. 'को' म्हणजे कोइमतूर. उसाच्या संकराचं आपलं जुनं केंद्र तिथलं. मांजरी बुद्रुकच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊस शिकायला येणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

जगभर गाजलेल्या उसांमध्ये एक नाव आहे 'एनको ३१०'. त्यातला 'को' ओळखीचा आहे. 'एन' म्हणजे नाताळ, दक्षिण आफ्रिकेतला हिंदी महासागराच्या काठचा प्रांत. सणाचं आणि प्रांताचं नाव एक असणं हा योगायोग नव्हे. १४९७च्या ख्रिस्तजयंतीच्या सुमारास वास्को द गामाची जहाजं त्या किनाऱ्याला लागली म्हणून त्याने ते नाव ठेवलं, आणि मराठीतला 'नाताळ'ही पोर्तुगिजांकडूनच आला. तिथल्या हवेत उसाला तुरा नीट येत नाही, आला तरी सकस बी धरत नाही. म्हणून १९३८ मध्ये संकर कोइमतूरला झाला, बी जहाजाने नाताळला गेलं आणि डर्बनजवळच्या माउंट एजकोंब इथल्या संशोधन केंद्रात त्यातून ३१० निवडला गेला. १९४५ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि पुढे तैवानपासून लुइझियानापर्यंत पोचला.

बियाणं गेलं त्याच्या जवळपास ऐंशी वर्षं आधी, त्याच उसासाठी, माणसं गेली होती. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' जहाज मद्रासहून ३४२ जणांना घेऊन डर्बनला लागलं. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख मजूर गेले. करार पाच वर्षांचा. 'अ‍ॅग्रीमेंट'चं बोलीत 'गिरमिट' झालं आणि माणसं 'गिरमिटिया' झाली. बियाण्याला त्या जमिनीने आपलं म्हटलं. माणसांना आपलं म्हणायचं की नाही, यावर त्या देशाने शंभर वर्षं कायदे केले.

या प्रकरणात मला त्या कायद्यांवर सही करणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रप्रमुख कोण होता, असं विचारलं तर बहुतेकांना एक-दोन नावं सुचतात, आणि त्यातलं एखादं पंतप्रधानाचं निघतं. त्यात उत्तर देणाऱ्याचं अज्ञान कमी आणि त्या रचनेची करामत जास्त आहे.

ती रचना पुण्याच्या माणसाला चटकन कळावी, कारण आपण तिच्याच सावलीत वाढलो. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले. त्यानंतर छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला. राज्य छत्रपतींचं, शिक्का छत्रपतींचा, नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रंही साताऱ्याहून यायची. फौज कुठे जाणार, तह कुणाशी होणार, हे मात्र शनिवारवाड्यात ठरायचं. एका माणसाच्या हाती हुकूम आणि दुसऱ्याच्या नावे मोहोर. दक्षिण आफ्रिकेत १९१० ते १९८४ अशी चौऱ्याहत्तर वर्षं हीच विभागणी होती. फक्त तिथला सातारा आधी लंडनला होता.

३१ मे १९१० रोजी चार वसाहती जोडून दक्षिण आफ्रिका संघ झाला. राष्ट्रप्रमुख इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, जो तीनच आठवड्यांपूर्वी गादीवर आला होता. त्याच्या वतीने तिथे गव्हर्नर जनरल, हर्बर्ट ग्लॅडस्टन. इंग्लंडचे चार वेळा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे हे धाकटे चिरंजीव. पंतप्रधान लुई बोथा आणि त्यांचे उजवे हात यान स्मट्स. दोघेही बोअर सेनापती, आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच राजघराण्याशी लढलेले.

या दोघांसमोर १९१२ मध्ये पुण्याचा माणूस जाऊन बसला.

गोपाळ कृष्ण गोखले तोवर या प्रश्नात बरेच खोल गेले होते. फेब्रुवारी १९१० मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात त्यांनी नाताळसाठी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मानला आणि १ जुलै १९११ पासून भरती बंद झाली. नवे मजूर जाणं थांबलं. जे तिथेच राहिले त्यांच्या मानेवर तीन पौंडांचा कर होता. गिरमिट संपल्यावर जो मायदेशी परतणार नाही आणि पुन्हा करारातही अडकणार नाही, त्याने दरवर्षी तीन पौंड भरायचे. बायकोचे वेगळे, सोळा वर्षांवरच्या मुलाचे वेगळे, तेरा वर्षांवरच्या मुलीचे वेगळे. चौघांच्या घराला बारा पौंड. गांधीजींनी लिहून ठेवलं आहे की अशा माणसाची कमाई महिन्याला चौदा शिलिंगांच्या वर जात नसे. हिशेब करून पाहा: वर्षाचे १६८ शिलिंग, म्हणजे ८ पौंड ८ शिलिंग. सगळी कमाई ओतली तरी कर फिटत नाही. नाताळच्या गोऱ्यांना मुळात पंचवीस पौंड हवे होते. व्हाइसरॉय एल्गिन यांनी घासाघीस करून तीनवर आणले आणि संमती दिली. कर भरणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास सलून डबा दिला. १८९३ मध्ये पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असलेल्या गांधींना पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर उतरवलं त्याच देशातली ही रेल्वे. दौऱ्यातली एक गोष्ट मराठी वाचकांना फारशी सांगितली जात नाही. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू यांची सभा होती. रत्नागिरीच्या आणि आजच्या रायगडच्या किनाऱ्यावरची माणसं तेव्हाच आफ्रिकेच्या बंदरांत आणि पेठांत स्थिरावली होती. गांधींनी आग्रह धरला की गोखल्यांनी इंग्रजी सोडून मराठीत बोलावं, हिंदुस्तानी भाषांतर मी करतो. गोखले पोट धरून हसले. तुमची हिंदुस्तानी मला ठाऊक आहे, आता मराठीतून भाषांतर करणार! एवढी मराठी कुठे शिकलात? गांधी मात्र हटले नाहीत, आणि गोखले मराठीत बोलले. पुढे झांझिबारपर्यंत आपल्या लोकांसमोर ते मराठीतच बोलत गेले. हा किस्सा गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात आहे, आणि ते पुस्तक त्यांनी सांगायला घेतलं १९२३ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात. गोखले जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

डर्बनजवळ इनांडा भागात गोखले ओलांगे नावाच्या शाळेतही गेले. तिचे संस्थापक जॉन डुबे हे त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालेल्या आफ्रिकी संघटनेचे पहिले अध्यक्ष. ही संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. गोखल्यांनी डुबेंशी तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रश्नावर बोलणं केलं आणि विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गाणी म्हणून दाखवली. त्या काळात हिंदी पुढारी आणि आफ्रिकी पुढारी आपापल्या वाटेने चालत, एकमेकांच्या अंगणात फारसे जात नसत. त्यामुळे ही भेट मला सलून डब्यापेक्षा मोलाची वाटते.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात बोथा, स्मट्स आणि मंत्री फिशर यांच्याशी गोखल्यांची बैठक झाली. गांधी मुद्दाम बाहेर राहिले. गोखले परतले ते खूश होऊन. हिंदी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा 'काळा कायदा' जाईल, प्रवेशबंदीतला वर्णाचा उल्लेख निघेल, तीन पौंडांचा कर रद्द होईल. तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या. गांधींना ते पटलं नाही. या मंत्र्यांना मी ओळखतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या वर्षी स्मट्स संसदेत म्हणाले, नाताळचे गोरे ऐकत नाहीत, कर काढता येत नाही. गोखल्यांना दिलेला शब्द मोडला. गंमत अशी की याच मोडलेल्या शब्दाने चळवळीला उसाच्या मळ्यात आणि कोळशाच्या खाणीत नेलं. तोवर सत्याग्रह मुख्यतः व्यापारी आणि शिकलेल्या लोकांचा होता. आता कर हाच मुद्दा झाला आणि गिरमिटियांनी काम टाकलं. १९१४च्या कायद्याने कर गेला.

या सगळ्यात राष्ट्रप्रमुख कुठे होता? सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता. लंडनला गाऱ्हाणं न्यावं तर उत्तर यायचं: तो स्वशासित देश आहे, आम्ही हात घालू शकत नाही. प्रिटोरियाला न्यावं तर उत्तर यायचं: साम्राज्याचा प्रश्न आहे, शिवाय लोकमत. टोलवाटोलवीला दोन टोकं लागतात, आणि नामधारी गादी हे दुसरं टोक फुकट पुरवते. साताऱ्याच्या गादीचाही असा वापर झाला. पेशव्यांना नको असलेली मागणी 'महाराजांची मर्जी' म्हणून लांबवता येई. गोखल्यांसारखा घटनात्मक मार्गाचा माणूस सरळ कारभाऱ्यांकडे गेला याचं कारण हेच असावं. गादीकडून काय मिळतं याचा त्यांना हिंदुस्थानात पुरेसा अनुभव होता.

जून १९१३ मध्ये ग्लॅडस्टन गव्हर्नर जनरल असताना मूळ रहिवाशांच्या जमिनीचा कायदा झाला. देशात बहुसंख्य असलेल्या लोकांना जमीन घेता येईल असा प्रदेश सुमारे ७ टक्के ठरला. १९३६ मध्ये तो १३ टक्क्यांच्या आसपास नेला. तेव्हा वर्णभेदाला 'अपार्टहाइट' हे नाव मिळायचं होतं. माल तयार होता, लेबल १९४८ मध्ये लागलं.

त्याआधी १९४६ मध्ये एक विलक्षण दावा लागला. नाताळ-ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर बंधन घालणारा नवा कायदा झाला, म्हणून हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली आणि जुलैत दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. असं करणारा हा पहिला देश, आणि तो अजून स्वतंत्रही नव्हता. वादी हिंदुस्थान, प्रतिवादी दक्षिण आफ्रिका, आणि दोघांचाही राजा एकच, सहावा जॉर्ज! इकडे तो सम्राट, तिकडे राजा. १९४९ मध्ये गोऱ्या-अगोऱ्या विवाहांना बंदी करणारा कायदा ज्याच्या नावाने झाला, तो तेव्हा, म्हणजे २६ जानेवारी १९५० पर्यंत, आपलाही औपचारिक राष्ट्रप्रमुख होता. आपण शाळेत प्रजासत्ताक दिनाचं महत्त्व शिकतो, त्यात हे कुणी सांगत नाही.

संयुक्त राष्ट्रांत हिंदुस्थानची बाजू विजयालक्ष्मी पंडितांनी मांडली. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित मूळ कोकणातल्या मराठी घराण्यातले. त्या स्वतः १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. समोर होते तेच स्मट्स, आता पंतप्रधान आणि जगन्मान्य मुत्सद्दी. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, ७ तटस्थ राहून, दोन तृतीयांशाच्या काठावर मंजूर झाला. दीड वर्षाने स्मट्स निवडणूक हरले, स्वतःची जागासुद्धा गमावून बसले. त्यांच्या जागी आले डॅनिएल मलान, आणि स्मट्स बरे होते असं म्हणायची वेळ आली.

आता सह्यांचा काळ. १९५० मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा: प्रत्येक माणसाला वंशाचा शिक्का. त्याच वर्षी गट-क्षेत्र कायदा: कोणत्या शिक्क्याने कुठे राहायचं. १९५३ मध्ये वेगळे बाक, वेगळे दरवाजे, वेगळी शिक्षणव्यवस्था. प्रत्येक कायद्याची सुरुवात एकाच साच्यात: राजाधिराज, सिनेट आणि विधानसभा असा कायदा करत आहेत की... १९५२ मध्ये राजा वारला आणि साच्यात राणी आली. कायदा इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन्ही भाषांत छापायचा, पण सही एकाच प्रतीवर, एकदा या भाषेतल्या आणि पुढच्या वेळी त्या भाषेतल्या. दोन्हींत फरक निघाला तर सही असलेली प्रत खरी. दोन गोऱ्या भाषांच्या मानपानाची एवढी काटेकोर काळजी घेणारं राज्य झुलू किंवा तमिळ बोलणाऱ्यांची काय काळजी घेत होतं, ते कायद्याच्या मजकुरातच दिसत होतं.

गट-क्षेत्र कायद्याचा फटका कोकण्यांनाही बसला. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या मिश्र वस्तीत मलय, आफ्रिकी, ज्यू यांच्याबरोबर कोकणी मुसलमानही होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली. साठ हजारांवर माणसं हलवली गेली, घरं बुलडोझरने पाडली, मशिदी-चर्चं तेवढी उभी राहिली. मोकळ्या झालेल्या जमिनीचा मोठा भाग कित्येक वर्षं पडीकच होता.

तोवर सातारा लंडनहून हलला होता. ऑक्टोबर १९६० मध्ये फक्त गोऱ्यांचं सार्वमत झालं, ५२ टक्के प्रजासत्ताकाच्या बाजूने. ३१ मे १९६१ रोजी राणी गेली आणि राष्ट्राध्यक्ष आला. ३१ मे ही तारीख मुद्दाम निवडलेली. १९०२ मध्ये बोअर लोकांनी इंग्रजांपुढे शस्त्रं ठेवली ती याच दिवशी, आणि संघ झाला तोही याच दिवशी. पराभवाची तारीख विजयाची करून दाखवायची होती. पहिले राष्ट्राध्यक्ष चार्ल्स रॉबर्ट्स स्वार्ट. आफ्रिकान्समध्ये 'स्वार्ट' म्हणजे काळा. वर्णभेदी प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष आडनावाने काळे! टोपणनावही तेच, 'ब्लॅकी'. असा विनोद एखाद्या नाटककाराने केला असता तर समीक्षकांनी त्याला बटबटीत म्हटलं असतं.

इथे माझी साताऱ्याची उपमा मोडते, आणि कुठे मोडते ते पाहण्यासारखं आहे. साताऱ्याची गादी एका घराण्याची होती, पेशव्यांना ती कधी मिळायची नव्हती. प्रिटोरियात कारभारीच म्हातारपणी जाऊन गादीवर बसत. अध्यक्ष संसद निवडायची, मुदत सात वर्षं, अधिकार जवळजवळ शून्य. म्हणजे ज्यांनी कायदे घडवले त्यांना शेवटी त्याच कायद्यांवरचं अलिप्त, पवित्र आसन. स्वार्ट अकरा वर्षं न्यायमंत्री होते. कम्युनिझम दडपण्याचा कायदा त्यांचा, आणि निषेध म्हणून कायदा मोडणाऱ्याला फटके मारण्याची तरतूदही त्यांचीच. डर्बनच्या पोलीस मुख्यालयाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं.

दुसरे अध्यक्ष निवडले गेले ते थिओफिलस डोंगेस. गृहमंत्री म्हणून नोंदणी कायदा आणि गट-क्षेत्र कायदा संसदेत नेणारा हा माणूस. १९६७ मध्ये निवड झाली, पण शपथेआधीच ते बेशुद्धावस्थेत गेले आणि जानेवारी १९६८ मध्ये वारले. खुर्ची त्यांच्या नावावर झाली, बसणं झालं नाही. मग आले माजी संरक्षणमंत्री जिम फुशे. ठरलेली सात वर्षं पूर्ण करून सुखरूप उतरलेले ते एकटेच. मग माजी अर्थमंत्री निकोलास दिडेरिक्स. ते १९७८ मध्ये पदावर असताना वारले.

आणि मग बाल्थाझार योहानेस फोर्स्टर, बारा वर्षं पंतप्रधान, त्याआधी न्यायमंत्री. खटल्याशिवाय नव्वद दिवस डांबण्याचा कायदा त्यांच्या काळातला. जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाचं नाव तेव्हा जॉन फोर्स्टर स्क्वेअर होतं. त्याच्या दहाव्या मजल्यावरून ऑक्टोबर १९७१ मध्ये अहमद टिमोल हा हिंदी वंशाचा तरुण शिक्षक खाली पडला. चौकशीने आत्महत्या ठरवली. २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ती हत्या होती असा निकाल दिला; मध्ये सेहेचाळीस वर्षं गेली. फोर्स्टर ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष झाले आणि आठच महिन्यांत उतरले. कारण टिमोल नव्हता. सरकारी गुप्त निधीतून वर्तमानपत्रं विकत घेण्याचं प्रकरण बाहेर आलं होतं. गोऱ्या करदात्याचा पैसा हा तिथे नैतिकतेचा विषय होता. त्यांच्यानंतर मराइस फिल्युन आले, ते शेवटचे नामधारी.

याच काळात त्या देशाने आणखी राष्ट्रप्रमुख तयार केले, हेही नोंदवायला हवं. आफ्रिकी लोकांना आपल्याच देशात परके ठरवायचं तर त्यांना दुसरा देश द्यायला हवा. म्हणून ट्रान्सकाय (१९७६), बोफुथात्स्वाना (१९७७), वेंडा (१९७९) आणि सिस्काय (१९८१) ही 'स्वतंत्र राष्ट्रं' झाली. प्रत्येकाला झेंडा, राष्ट्रगीत, राष्ट्राध्यक्ष; सिस्कायच्या लेनॉक्स सेबे यांना तर तहहयात अध्यक्षपद. प्रिटोरियाबाहेर जगात कुणीही त्यांना राष्ट्र मानलं नाही.

१९८४ मध्ये पेशवे उघडपणे गादीवर बसले. पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथांनी नवी घटना आणली, पंतप्रधानपद रद्द केलं आणि सगळी सत्ता घेऊन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. याच घटनेत आपल्या लोकांसाठी एक सापळा होता. संसदेची तीन सभागृहं झाली: गोऱ्यांचं १७८ जणांचं, मिश्रवर्णीयांचं ८५ जणांचं, हिंदी वंशीयांचं ४५ जणांचं. लोकसंख्येत सगळ्यांत मोठ्या असलेल्या आफ्रिकी लोकांचं एकही नाही. शाळा, घरं, दवाखाने हे ज्याचे त्याचे 'स्वतःचे विषय', बाकी 'सामायिक'. कोणता विषय कशात मोडतो ते अध्यक्ष ठरवणार. सभागृहांचं जमलं नाही तर साठ जणांचं अध्यक्षीय मंडळ निकाल देणार. त्यात वीस गोरे, दहा मिश्रवर्णीय, पाच हिंदी निवडलेले, उरलेले पंचवीस अध्यक्षांनी नेमलेले. बेरीज करून पाहावी, गोरे कधीच हरत नाहीत.

हिंदी लोकांना शंभर वर्षं मागितलेली संसदेतली जागा मिळत होती. किंमत एकच, शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवून आत शिरायचं. १८९४ मध्ये गांधींनी काढलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसने बहिष्कार पुकारला, आणि ऑगस्ट १९८४च्या निवडणुकीत नोंदलेल्या हिंदी मतदारांपैकी जेमतेम वीस टक्क्यांनी मत दिलं. आपल्याकडे पडेल उमेदवाराला लोक नावं ठेवतात. इथे निवडून आलेल्यांना ठेवली. तरी सभागृह भरलं. हिंदी सभागृहाचे नेते अमिचंद राजबन्सी मंत्रीही झाले. मिश्रवर्णीयांचे नेते अ‍ॅलन हेंड्रिक्स यांनी मंत्री असताना जानेवारी १९८७ मध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर समुद्रात पोहून दाखवलं. बोथांनी त्यांना माफी मागायला लावली. त्या मंत्रिपदाची खोली गुडघाभर पाण्याएवढी होती.

बोथांना १९८९च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला. जुलैत त्यांनी कैदेतल्या नेल्सन मंडेलांना केपटाउनच्या अध्यक्षीय कार्यालयात चहाला बोलावलं. आत जाण्याआधी मंडेलांच्या बुटाची नाडी सैल दिसली तेव्हा गुप्तचर प्रमुख नील बर्नार्ड यांनी खाली वाकून ती बांधली. पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांनीच बोथांना दूर केलं आणि एफ. डब्ल्यू. डी क्लर्क आले. त्यांचे वडील यान डी क्लर्क १९७५ च्या एप्रिलमध्ये दहा दिवस हंगामी अध्यक्ष होते. मुलाला खुर्चीबरोबर पूर्ण सत्ताही मिळाली, आणि बोथांनी स्वतःसाठी गोळा केलेली ती सत्ता वापरूनच त्याने २ फेब्रुवारी १९९० रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि इतर संघटनांवरची बंदी उठवली. नोंदणी आणि गट-क्षेत्र हे दोन्ही कायदे जून १९९१ मध्ये रद्द झाले.

इकडे आपल्या पासपोर्टवर वर्षानुवर्षं दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शिक्का होता. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचूनही भारताने तिथे खेळायला नकार दिला आणि चषक सोडून दिला. १९९२ मध्ये भारतीय क्रिकेट संघ तिथे गेला, आणि नोव्हेंबरात पहिली कसोटी डर्बनला झाली. सचिन तेंडुलकर टीव्हीवरच्या तिसऱ्या पंचाने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज ठरला. रमाकांत आचरेकरांचा दुसरा शिष्य, प्रवीण आमरे, पहिल्याच कसोटीत १०३ धावा करून गेला. आपण त्या धावा लक्षात ठेवल्या. त्या दिवशी देशातल्या बहुसंख्य माणसांना मत नव्हतं आणि राष्ट्राध्यक्ष अजून वर्णभेदी घटनेखालचाच होता, हे रेडिओला कान लावून बसलेल्या आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आल्याचं मला आठवत नाही.

ते मत २७ एप्रिल १९९४ रोजी मिळालं. मंडेलांनी स्वतःचं मत देण्यासाठी जोहान्सबर्ग किंवा केपटाउन न निवडता नाताळमधलं इनांडा निवडलं. ओलांगेच्या शाळेत त्यांनी मतपेटीत चिठ्ठी टाकली आणि तिथेच असलेल्या जॉन डुबेंच्या समाधीपुढे जाऊन, देश मुक्त झाल्याची वर्दी दिली. गोखल्यांना विद्यार्थ्यांनी झुलू गाणी म्हणून दाखवली होती, ती हीच शाळा.